खलास म्हणजे ठरलं

दुबईला जाऊन आले म्हटलं की लोक आधी सोन्याचा भाव विचारतात आणि मग विचारतात, त्या उंच इमारतीवर चढलात का. मी चढले नाही. खालून पाहिली, मान दुखली, पुढे गेले. माझा मुक्काम शारजात होता, धाकट्या भावाकडे, आणि मला बघायचं होतं ते त्याचं काम. सुहास तिथल्या एका टीव्ही चॅनेलवर हिंदी कॉमेंट्री करायचा. चॅनेल छोटं, दाखवायचं फक्त कॉलेजच्या मुलामुलींचे सामने: व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, क्रिकेट, असलंच. मी जन्मभर कराडच्या शाळेत खेळाच्या शिक्षिकेची शिट्टी फुंकली, त्यामुळे कॉलेजच्या पोरांच्या खेळावर एक अख्खं चॅनेल चालतं याचं मला घरात सगळ्यांपेक्षा जास्त अप्रूप होतं.

डिसेंबरात त्याचा फोन आला. सेट-टॉप बॉक्सवरचा हा शेवटचा सीझन, पुढच्या महिन्यात फायनल, त्यानंतर चॅनेल बंद होऊन सगळे सामने अ‍ॅपवर जाणार, तेव्हा आता ये, म्हणाला. तुझं काय, असं मी विचारलं. तिकडे नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर जातं, हे गल्फमध्ये माणूस असलेल्या प्रत्येक घराला पाठ असतं. माझं ठरलंय, तू ये, एवढंच तो बोलला. मी तिकीट काढलं.

शारजा

मेघनानं, म्हणजे माझ्या भावजयीनं, निघण्याआधी तीनदा बजावलं होतं, ताई, खसखस आणू नका. आपल्याकडे जी वाण्याकडे पुडीत मिळते ती तिथं अमली पदार्थात धरतात. मी अनारसे केले होते, पण खसखस न लावता. खसखशीशिवाय अनारसा म्हणजे काय, तर तळलेली दशमी. तरीही विमानतळावर सामान तपासणाऱ्या माणसानं डबा उघडलाच. त्यानं वास घेतला, झाकण लावलं आणि हसून सोडलं. पुढे तेच अनारसे सगळ्यांनी उरलासुरला चुराही झटकून खाल्ले, तेव्हा खसखशीचं महत्त्व मी उगाच वाढवून ठेवलं होतं असं वाटलं.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी दिसणारं. दारात तुळस होती. बैठकीत भिंतीएवढा टीव्ही. चहा होताच मी म्हटलं, लाव तुझं चॅनेल. सुहास रिमोट शोधू लागला आणि मेघना स्वयंपाकघरात गेली. मग अन्वी बोलली. अन्वी माझी भाची, तिथंच वाढलेली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, व्हॉलीबॉलच्या टीममध्ये. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत.

"आत्या, वी डोन्ट हॅव अ बॉक्स. नोबडी हॅज अ बॉक्स एनीमोअर."

सुहासनंच बॉक्स परत केला होता, मागच्या वर्षी. मेघनानं आतून हिशेब सांगितला, महिन्याचे इतके दिरहम, म्हणजे रुपयांत इतके, आणि बघत कोण होतं? अन्वी फोनवर बघते, ती स्वतः यूट्यूबवर रेसिपी बघते, सुहास तर सामन्यालाच असतो. ज्या चॅनेलवर हे घर चालत होतं ते या घरात दिसत नव्हतं. मी हसले. सुहासही हसला, पण उशिरा.

जेवताना मी पुन्हा विषय काढला. ठरलंय म्हणजे नक्की काय ठरलंय? त्यानं सांगितलं की ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये त्यानं मॅनेजरला गाठलं होतं. मॅनेजर इजिप्तचे, उस्ताद नबील म्हणतात त्यांना, वयानं मोठे, स्वभावानं मऊ. सुहासनं विचारलं, माझा काँट्रॅक्ट, अ‍ॅपचं काम, त्याचं काय? त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, खलास, सुहास, खलास.

माझा घास तोंडातच राहिला. खलास म्हणजे काय ते मला समजत नाही की काय? आमच्या गल्लीत म्हातारं माणूस गेलं तरी पोरं खलास म्हणतात. माझा चेहरा बघून ते तिघंही हसू लागले. मेघनाला तर ठसका लागला.

"ताई, हे कराड नाही," सुहास म्हणाला. "इथं खलास म्हणजे झालं, ठरलं, आता पुन्हा विचारू नको. टॅक्सीवाल्याशी भाडं ठरलं की खलास. लग्न ठरलं तरी खलास."

माझा जीव भांड्यात पडला. उरलेल्या मुक्कामात माझी खूप खिल्ली उडाली. भाजीला मीठ बरोबर आहे का विचारलं तरी अन्वी म्हणायची, खलास, आत्या, आणि डोळे मिचकवायची. मेघनानं फक्त एकदा, भांडी आवरताना, सहज विचारल्यासारखं सुहासला विचारलं की इमेल आलं का. एचआरला वेळ लागतो, तो म्हणाला. ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

औद्योगिक क्षेत्र

भावाला टीव्हीवर ऐकायचंच असा माझा हट्ट होता, म्हणून तो मला आणि मेघनाला शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात घेऊन गेला. गॅरेजांमागून गॅरेजं, रस्त्यावर तेलाचे डाग, उघडे बॉनेट, हवेत वेल्डिंगचा वास. आपल्या ओगलेवाडीच्या रस्त्याला असली दोन-चार दुकानं आहेत, इथं संपतच नाहीत. मधेच एक कॅफेटेरिया. मालक केरळचा, परोटे त्याचे मऊसूत, आणि कडक चहा कागदी पेल्यात. मेघना दीड दिरहम, म्हणजे पस्तीस रुपये, असं मोठ्यानं बोलून चहा प्यायली. ती सवय तिला इतक्या वर्षांत सुटलेली नाही.

कोपऱ्यात उंचावर टीव्ही होता आणि त्याखाली बॉक्स, वरती धूळ. मालकानं सुहासला ओळखून चॅनेल लावलं. जुन्या सामन्याचं पुनःप्रक्षेपण चालू होतं, मुलांचा व्हॉलीबॉल. आणि माझ्या भावाचा आवाज आला. फोनवर बोलतो तो नव्हे, एक भरदार, हसतमुख आवाज, जो मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. चेंडू उडाला, तो कुजबुजला; उंच गेला, त्याचा आवाज चढला; पोरानं हवेतून तो आपटला, आणि सुहास म्हणाला, "खलास!"

त्याच क्षणी शेजारच्या टेबलावरचा पेशावरचा मेकॅनिक, हाताला काळं तेल लागलेला, परोट्यातून मान वर न करता त्याच्याबरोबर म्हणाला, खलास. हा शब्द सुहासची ओळख होता. अरबांना वाटायचं त्यांचा, पाकिस्तान्यांना वाटायचं हिंदीचा. तो आला होता आमच्या घरातून. अन्वी लहानपणी दूध प्यायला कुरकुर करायची, तेव्हा सुहास पेल्याची कॉमेंट्री करायचा: आता अर्धा राहिला, आता तळाशी आलं, आणि शेवटचा घोट गेला की दोन्ही हात वर करून, खलास! मेघनानं हे सांगितलं तेव्हा सुहास टीव्हीकडे बघत होता.

मालक चहाचे पेले न्यायला आला तेव्हा त्यानं सांगितलं की या महिन्याअखेर तोही बॉक्स काढतोय. गिऱ्हाईक आपापल्या फोनमध्ये बघतं, वर कोण बघतंय? माफी मागितल्यासारखं बोलला. आपण सुहासला सांगतोय हे त्याला ठाऊक होतं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं की चॅनेल बंद पडण्याएवढं झालं काय, बघणारे कमी झाले का? सुहासनं मला शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजावलं. बघणारे पहिल्यापासून मूठभरच. पण प्रत्येक घरात बॉक्स होता, बॉक्सबरोबर शंभर चॅनेलं गळ्यात पडायची, आणि महिन्याच्या बिलातला एक बारीक तुकडा या चॅनेलला मिळायचा. ज्यांनी आयुष्यात कधी कॉलेजचा सामना पाहिला नाही, त्या लाखो लोकांच्या चिल्लरवर हे चॅनेल जगत होतं. बघणारे अजून तितकेच आहेत. न बघता पैसे देणारे गेले.

"मीसुद्धा गेलो," तो म्हणाला आणि सिग्नलकडे बघत राहिला.

सिलिकॉन ओएसिस

अन्वीचं कॉलेज दुबईत, सिलिकॉन ओएसिसच्या बाजूला. नाव ओएसिस, पण पाणी बाटलीतलं. काचेच्या इमारती, आखल्यासारखे रस्ते, झाडांच्या मुळाशी काळ्या नळ्या. अन्वीनं मला तिचा सराव बघायला नेलं. हॉल पाहून मला शाळेचं मैदान आठवलं, पावसानं धुपलेलं, चुन्याच्या रेघा पुन्हा पुन्हा मारायला लागायच्या ते. इथली लाकडी जमीन इतकी चकचकीत की मी चपला हातात घेतल्या. पोरींचे खांदे मात्र आपल्याच पोरींसारखे पुढे झुकलेले, फोनचा प्रताप. मला न राहवून मी दोघींना पाठीत धपाटा घालून सरळ उभं केलं. त्या थँक्यू म्हणाल्या.

अन्वी छान खेळते. आत्या म्हणून नव्हे, शिक्षिका म्हणून सांगते. उडी मारायच्या आधी ती क्षणभर थांबते, आणि ते थांबणं शिकवून येत नाही.

हॉलच्या मधल्या भिंतीवर, उंच, एक पांढरा डबा लावलेला होता. त्याला भिंगं होती. चेंडू इकडे गेला की तो इकडे बघायचा, तिकडे गेला की तिकडे. मागे माणूस नाही. अन्वी म्हणाली, हाच अ‍ॅपचा कॅमेरा, प्रत्येक कॉलेजात बसतोय, सामना आपोआप फोनवर जातो, कुठूनही दिसतो, फुकट. तू कराडमध्ये बसून मला बघशील, आत्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. या पोरीचा एकही सामना मी आजवर पाहिला नव्हता.

मग मी विचारलं, बाबा कुठं बसणार? माईक कुठं लागतो?

ती बुटांची नाडी बांधू लागली. "देअर्स नो माईक, आत्या."

तिनं हे सुहासला सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाला होता, उस्ताद नबीलशी बोलणं झालंय, काहीतरी सोय असेल, खलास. अन्वीनं पुढे वाद घातला नाही. सुहासनं इतकी वर्षं ज्या आवाजावर सगळ्यांना पोसलं त्या आवाजाची सोय नसेल, हे तिला त्याच्या तोंडावर म्हणवलं नाही. मी तरी कुठं म्हटलं? घरी येऊन मी अळूवडीच्या कृतीवर बोलत बसले. मला कराडचा अर्थ माहीत होता आणि मी तो गिळून टाकला, कारण तिथला अर्थ जास्त बरा होता.

रास अल खैमा

फायनल रास अल खैमाला होती. आम्ही सकाळी निघालो. वाळू मागे पडते आणि उजवीकडे डोंगर सुरू होतात, तपकिरी, उघडेबोडके, अंगावर गवताची काडी नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला असा डोंगर बघवत नाही; सोललेला वाटतो. काही ठिकाणी तर तो खरोखरच सोललाय, सिमेंटसाठी. कारखान्यांची धूळ रस्त्याकडेच्या बोरांच्या झाडांवर बसलेली. मेघनानं दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर घेतली होती, ती आम्ही गाडीतच खाल्ली. सुहास शिट्टीवर गाणं म्हणत होता. नवा शर्ट घातला होता, मॅनेजर येणार म्हणून. ते आले की अ‍ॅपची तारीख विचारून टाकतो, म्हणाला.

उस्ताद नबील आले. करड्या मिशांचा, थकल्या डोळ्यांचा माणूस. माझ्याशी अदबीनं बोलले, तुमचा भाऊ आमचा आवाज आहे, असं इंग्रजीत म्हणाले. मग सामन्याआधी, दोन्ही टीम रांगेत उभ्या असताना, त्यांनी एक काचेची ढाल सुहासच्या हातात दिली. टाळ्या झाल्या. चॅनेलच्या वतीनं आभार, असं त्यावर कोरलेलं, खाली सुहासचं नाव आणि त्याच्या नोकरीची वर्षं, पहिलं आणि शेवटचं. ढाल घेऊन तो कॉमेंट्रीच्या टेबलाशी आला तेव्हाही हसत होता. मी त्याच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर बसले होते. मी ती अक्षरं वाचली. त्यानंही वाचली असावीत, पण वाचलेलं कळायला माणसाला कधी कधी दुसऱ्याची गरज पडते.

त्यानं मॅनेजरना थांबवलं आणि हिंदी-इंग्रजीत विचारलं, "सर, अ‍ॅप पे कब से आना है?"

ते गोंधळले. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग त्यांचा हात पुन्हा छातीवर गेला, आणि या वेळी मला तो हात कळला. आपल्याकडे कुणाच्या घरी समाचाराला गेल्यावर आपण जसे हात जोडतो, तसा तो होता.

"हबीबी," ते हळू म्हणाले, "आय टोल्ड यू. खलास."

त्या माणसानं फसवलं नव्हतं. त्यानं दुःखानं सांगितलं होतं, आणि माझ्या भावानं वीस वर्षांच्या गल्फच्या कानानं ते ऐकलं होतं. नुकत्याच उतरलेल्या, काही न समजणाऱ्या मला पहिल्या घासालाच बरोबर ऐकू आलं होतं. हे आठवलं की अजून मला माझाच राग येतो, त्यांच्या हसण्यात मी इतक्या लवकर सामील झाले याचा.

लाल दिवा लागला. प्रक्षेपण सुरू. सुहासनं हेडफोन चढवला आणि बोलू लागला. आवाज तोच, भरदार, एक शब्द अडखळला नाही. फक्त पॉइंट झाला की तो म्हणायचा, "और ये पॉइंट." दुसरा झाला, "और एक पॉइंट." पलीकडचा कॅमेरामन दोनदा वळून बघून गेला. गॅलरीतल्या पोरांना सवय होती, ती आपणहोऊन खलास ओरडत होती, आणि तो शब्द हॉलभर फिरून त्याच्या टेबलापाशी येत होता. त्यानं तो उचलला नाही. मेघना वरच्या रांगेत होती. ढाल वाचता येण्याइतकी जवळ नव्हती, पण शब्द येत नाहीये हे तिला ऐकू येत होतं. तिनं पदर तोंडाशी धरला तेव्हा मला कळलं की तिला सांगायचं काही उरलेलं नाही.

अन्वीची टीम शेवटपर्यंत झुंजली. शेवटच्या गेममध्ये बरोबरी, मग एक पॉइंट मागे. चेंडू अन्वीकडे उंच आला. ती थांबली, ते तिचं थांबणं, आणि उडाली. चेंडू जाळ्याच्या वरच्या पट्टीला लागला, क्षणभर तिथंच राहिल्यासारखा वाटला, आणि तिच्याच बाजूला पडला. समोरच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. अन्वी गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली आणि तिनं मान वळवून टेबलाकडे पाहिलं.

"खलास," सुहास म्हणाला.

तेवढाच एकदा, त्या दिवशी. मोठ्यानं नाही. पेल्याच्या तळाशी आल्यावर म्हणावं तसं म्हणाला. मग श्रोत्यांचे आभार मानले, चॅनेलचं नाव घेतलं, हेडफोन काढून वायर नीट गुंडाळून ठेवली. परतताना गाडीत अन्वी बापाच्या खांद्याला डोकं टेकायला पुढे वाकली होती, सीटबेल्ट ताणून, आणि शारजा येईपर्यंत तशीच बसली.

कराड

मी ठरल्या दिवशी परत आले. सुहास आणि मेघना उन्हाळ्यात आले. मधल्या काळात त्यानं खूप दारं ठोठावली. गोदामात, जाहिरात कंपनीत, एका रेडिओवर. सगळीकडून इन्शाल्ला आलं, देवाची इच्छा असेल तर, आणि त्याचा अर्थ त्यानं या वेळी बरोबर लावला. घर सोडलं, टीव्ही विकला. अन्वी तिथंच हॉस्टेलमध्ये राहिली, तिची दोन वर्षं बाकी आहेत. ती काचेची ढाल इथं माझ्या वरच्या खोलीत कपाटावर आहे, भिंतीकडे तोंड करून. आमच्या शाळेनं क्रीडादिनाला माईकवर बोलायला बोलावलं होतं. तो घसा बसलाय म्हणाला.

अन्वीचे सामने मात्र आम्ही बघतो. अ‍ॅप फुकट आहे, चित्र स्वच्छ येतं. मी फोन डब्याला टेकवून ठेवते आणि आम्ही बहीणभाऊ जेवणाच्या टेबलाशी बसतो. आवाज येतो तो बुटांचा, चेंडूचा, पंचाच्या शिट्टीचा. कुणी बोलत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं फोनमध्ये बिघाड आहे.

परवा तिची टीम जिंकली. शेवटचा पॉइंट तिचाच. ती थांबली, उडाली, आणि चेंडू समोरच्या कोपऱ्यात आपटला. मी सुहासकडे बघितलं. तो पुढे झुकला होता, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात टेबलावर. कॅमेरा पोरींना सोडून घरंगळत जाणाऱ्या चेंडूमागे गेला आणि तिथंच राहिला. सुहासनं तोंड मिटलं.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. धापा टाकत होती, मागे पोरींचा गलका. बाबा, पाहिलंत का, तिनं इंग्रजीत विचारलं. पाहिलं, म्हणाला. शेवटचा पॉइंट? पाहिला की, वा.

"डिड यू से इट?"

"म्हटलं ना," सुहास म्हणाला. "जोरात म्हटलं. आत्याला विचार."

त्यानं फोन माझ्या हातात दिला. मी त्याच्या शेजारी बसले होते, टेबलाच्या या बाजूला, आणि त्यानं काही म्हटलं नव्हतं.

"हो गं," मी म्हणाले, "मी ऐकलं."